दोन ढिले स्क्रू

नाही नाही, चुकला नाहीत, हेच घर. जाहिरात आमच्या ह्यांनीच दिलीय, फक्त ते आत्ता घरी नाहीत — गुडघा दाखवायला गेलेत, लेक घेऊन गेलीय — आणि तुम्ही सांगितल्यापेक्षा लवकर आलात, ते एक बरंच झालं. या ना, शटर जरा वर ढकला, डोकं सांभाळा. ही बघा गाडी, आमची जुनी मोटारसायकल. नंतर बघा हो निवांत, आधी हा टॉर्च धरा. धरा, चावत नाही. असा नाही, माझ्या बोटांवर — हं. वर दिवा आहे, पण मेला मंद आहे. काय? लख्ख आहे? असेल बाई. तुमच्या डोळ्यांना असेल.

मी काय करतेय? अहो, काही मोठं नाही. इंजिनात पेट्रोल पेटायला ठिणगी लागते की नाही, ती वेळेवर पडायला या झाकणामागे दोन पॉइंट असतात — इवलेसे, नखाएवढे — टेकतात, उघडतात, उघडले की ठिणगी. दोघांमधलं अंतर केसभर इकडेतिकडे झालं की मग बसा किका मारत, पाय भरून येईपर्यंत. तर ते पॉइंट काढून मी आज इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवतेय. हा डबा बघा, कुरिअरने मागवला. ह्यांनी विचारलं काय आलं, मी म्हटलं मिक्सरचं भांडं. एक लोहचुंबक फिरतं, ही चकती त्याला ओळखते आणि ठिणगी टाकते — घासणं नाही, झिजणं नाही, अंतर बघायला नको. ते यायच्या आत झालं म्हणजे झालं. एका किकेत सुरू झालेली ऐकली ना, की विकायचं नावसुद्धा काढणार नाहीत — अरे देवा, आणि हे मी तुम्हाला कशाला सांगतेय, तुम्ही तर घ्यायला आलात! हसू नका, टॉर्च हलतो.

आता आलातच आहात तर हा नट सोडवा जरा. लावा जोर. आणखी. नाही ना सुटत? आमच्या ह्यांना आवळायचा रोगच आहे. काहीही हातात आलं की आवळून टाकायचं. स्वयंपाकघरातला नळ असा बंद करतात की सकाळी माझं मनगट मोडायची पाळी, साखरेच्या बरणीचं झाकण उघडायला मी शेजारच्या शिंप्याकडे जाते, तो बिचारा मशीन थांबवून उघडून देतो आणि विचारतो, वहिनी, साहेब घरीच असतात ना हल्ली? या गाडीचा एकेक नट तसाच. आणि गंमत बघा, नेमके या झाकणाचे दोन स्क्रू — हे बघा — बोटाने निघाले. कायम ढिले. किती वर्षं मी त्यांना सांगतेय... म्हणजे, सांगत नाही, मनातल्या मनात म्हणते. तोंडाने कशी सांगणार? सांगितलं तर विचारतील ना, तुला कसं कळलं म्हणून.

बघा, बोलता बोलता सुटलं तोंडातून. पण तुम्ही काय, आज आहात, उद्या कुठे दिसणार — सांगते. दर रविवारी आमचे हे बाह्या सारून गॅरेजमध्ये बसतात. पॉइंट साफ करणार, अंतर लावणार, एक डोळा मिटून बघणार, जसं काही हिऱ्याला पैलू पाडतायत. मग झाकण लावायचं आणि आंघोळीला जायचं. आणि ते आंघोळीला गेले, की मी येते. चोरासारखी. झाकण काढते आणि सगळं पुन्हा लावते. कारण ह्यांना ते कधी, कधी म्हणजे कधीच जमलं नाही! माणूस भला, पण हात दांडगा. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते ना, तिथे हेच काम — बारीक बारीक पट्ट्या, टेकल्या की बोलणं सुरू, सुटल्या की बंद. लग्नानंतर पहिल्यांदा ह्यांना किका मारताना पाहिलं, शर्ट भिजून चिंब, आणि तोंडाने नुसतं 'आज हवा दमट आहे'. मला दया आली हो. नवीन नवरा, त्याला काय सांगायचं, तुम्हाला येत नाही? दुसऱ्या दिवशी गाडी एका किकेत सुरू. असा चेहरा फुलला म्हणून सांगू! सगळ्या मित्रांना सांगत सुटले, माझ्या हाताला गुण आहे. तेव्हापासून आहे त्यांच्या हाताला गुण.

वेळ? वेळ मिळायचा की. एरवी अंग ओलं झालं न झालं तोच बाहेर येतात, पण रविवारी मात्र सगळी गाणी म्हणून होईपर्यंत न्हाणीघर सोडत नाहीत. बेसूर, पण मोठ्यांदा. गाणं थांबलं की मी झाकण लावून पळायचं. अंतर मोजायला आमची लग्नपत्रिका. हो हो, पत्रिकाच. जाड कागद, बरोब्बर तेवढीच जाडी. पट्टी कापायची, दोन पॉइंटांमध्ये सरकवायची, अडखळून निघाली की झालं काम. तेलकट झाली की नवी पट्टी. अख्खी पत्रिका गेली या गाडीत — आधी वधू-वर गेले, मग दोन्हीकडचे आईवडील, मग मुहूर्त. आता एवढाच तुकडा उरलाय, वाचा — 'कृपया भेटवस्तू आणू नयेत'.

सुटला एकदाचा नट! पॉइंट निघाले, चकती बसली. थांबा, आता प्लग काढू द्या. ही विणायची सुई आत सोडायची, चाक हळूहळू फिरवायचं, पिस्टन सुई वर ढकलतो, आणि हा लाल दोरा बांधलाय ना, तिथे आली की थांबायचं. फिरवा. हळू. थांब थांब थांब! थांबा म्हणायचं होतं, माफ करा. आता त्या चकतीला एक भोक आहे, आणि चुंबकावर एक खूण, दोन्ही समोरासमोर यायला हवं. आलं का? नीट बघा. तुम्ही बघा हो, मी कशाला — तुमचे डोळे तरणे आहेत. जरा डावीकडे? एवढं? बसलं. तुम्ही म्हणता म्हणजे बसलं.

आता खरं सांगते, ह्यांच्यापुढे बोलू नका. गेले काही महिने गाडी दाद देत नाही. हे किका मारून मारून बाकावर बसतात आणि म्हणतात, गुडघा गेला माझा, विकून टाकू. गुडघा! डॉक्टर म्हणतात, गुडघ्यात काही सापडत नाही. परवा गच्चीवर टाकी भरून वाहायला लागली तर दोन-दोन पायऱ्या टाकत वर गेले, तरण्या पोरासारखे. मी खालून ओरडले, अहो, गुडघा! तर लगेच लंगडायला लागले — आणि ते पण दुसऱ्या पायाने! मला वाटलं, आपल्या हाताचा गुण गेला हे कबूल करायला लाज वाटते, म्हणून गुडघ्यावर ढकलतात. पुरुषांचं असंच. पण गुडघा नाही आणि त्यांचा हातही नाही, हो. मी आहे. मला ते अंतर दिसत नाही आता. पट्टी सरकवते, पण पॉइंट उघडलेत की मिटलेत, सगळं धुक्यात. मोतीबिंदू असेल नाहीतर काहीतरी, बघू पुढे, आधी गाडी. लेकीला सांगितलं तर उद्याच टेबलावर झोपवेल. आणि ह्यांना सांगायचं म्हणजे मग सगळंच सांगावं लागेल.

ओ, ओ! ती लाल वायर सोडा! कॉइलला नाही, गाडीच्या अंगाला. हो, लालच. या जुन्या गाडीचं सगळं उलटं, बॅटरीची प्लस बाजू अंगाला जोडलेली असते. तुम्ही लावत होतात तशी लावली असती, तर नवा डबा धूर सोडून मोकळा झाला असता आणि मी कपाळाला हात लावून. काळी तिकडे. हं. प्लग बसवा परत. नट आवळा, आमच्या ह्यांच्यासारखे नको, माणसासारखे.

चला, मारा किक. मी नाही, तुम्ही मारा, माझी साडी अडकेल. पेट्रोल सोडलंय. देवाचं नाव घ्या आणि—

अगं बाई! ऐकलंत? एका किकेत! ऐका ऐका, कशी ठोके देतेय, चुकत नाही एकसुद्धा. आता येऊ देत त्यांना. म्हणतील, हाताचा गुण परत आला, आणि मी म्हणणार, मग काय तर! नाचायचंच बाकी ठेवलंय मी. आणा ते झाकण. तो स्क्रूड्रायव्हर द्या, हे दोन स्क्रू नीट घट्ट करून टाकू, म्हणजे—

काय म्हणालात?

बाकी सगळी गाडी इतकी आवळलेली, मग हे दोनच ढिले का. अहो, विसरत असतील. वय झालं, माणूस विसरतो. नळ... नाही, नळ विसरत नाहीत. बरणी विसरत नाहीत. दर रविवारी हेच दोन बरे विसरतात.

बंद करा गाडी. करा म्हटलं ना.

म्हणजे माझ्या बोटांना त्रास नको म्हणून. आणि ती गाणी. कधी थांबायचं ते मला कळावं म्हणून गात होता हा माणूस, आणि मी त्याच्या सुराला नावं ठेवत होते. आणि गुडघा... त्यांना कळलं होतं, मला दिसत नाही ते. मला सांगावं लागू नये म्हणून गाडी विकायला काढली, लंगडत फिरले. पाय कुठला तोही लक्षात ठेवता आला नाही, लबाडाला!

नाही, रडत नाहीये. पेट्रोल झोंबतंय. टॉर्च खाली घ्या, तोंडावर कशाला मारताय?

फाटक वाजलं. आलेच. तुम्ही निघा आता. अहो, नाही विकायची, किती वेळा सांगू? हो, तुम्ही फार मदत केलीत, देव तुमचं भलं करो, दुसरी मिळेल एखादी, जा. तो स्क्रूड्रायव्हर ठेवा तिथे. नाही, आवळू नका! ते दोन तसेच राहू देत, बोटाने बसवलेत तेवढे पुरे. बघतील ते, आणि कळेल त्यांना, मला कळलंय ते. जा हो, निघा!