कुणाच्याच वाट्याची नसलेली रेघ

अफझलगंजच्या बसस्टॉपवर रांगेत माझ्या पुढं दोन बायका उभ्या होत्या.

“झाली का रानाची वाटणी, जयवंताबाई?”

“झाली बाई एकदाची! बाहेरच्या कंपन्या येणार म्हटल्यापासून त्या खडकाळ तिकोनी तुकड्याला सोन्याचा भाव आला, अन् आमचे हे आणि धाकटे दीर यांचं बोलणं बंद. शेवटी मोजणीला वेंकटय्याला आणलं. काय माणूस, अनुराधाताई!”

“नीट मोजलं ना पण?”

“हौ! तिन्ही बाजू मोजून कागदावर उतरवल्या. मला वाटलं, संपलं. तर म्हणे, अजून एक रेघ, ह्या कोपऱ्यापासून समोरच्या बांधाच्या मध्यापर्यंत.”

“ती कुणाच्या वाट्याला?”

“कुणाच्याच नाही! बाकीच्या तीन खऱ्या का खोट्या, ते बघायला. स्वतःची माणसं सावलीत बसवली, अन् मोजणीच्या साखळीचं एक टोक ह्यांच्या हातात दिलं, दुसरं दिरांच्या.”

“आणि दोघांनी मुकाट्यानं धरलं?”

“मुकाट्यानं कसं जमंल? हे म्हणाले, ओढ. ते म्हणाले, दादा, दगडाला अडकलीय, जरा उचल.”

“मग, जुळलं का?”

“तंतोतंत! कागदावर जेवढी, तेवढीच जमिनीवर. पण वेंकटय्या म्हणतो कसा, चुकलंय, पुन्हा मोजा.”

“अहो, पण जुळलं होतं ना?”

“दोन्ही आकडे माझ्यासमोरच होते की! मी तोंड उघडणार, तर हळूच म्हणाला, ‘नक्को, अम्मा. आत्ता कुठं बोलायलेत दोघं.’”