ताईंच्या नावावरची ओळ

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर, ज्यांच्या निरोपासाठी आपण सगळे जमलो त्या आमच्या ताई, त्यांचे यजमान, आणि मागच्या रांगेत चहाची वाट बघत बसलेले माझे सहकारी, सर्वांना नमस्कार.

थोडं पाणी पितो.

मघाशी अध्यक्ष महोदय म्हणाले, ताईंच्या सत्तावीस वर्षांच्या कामात चूक अशी एकच झाली, आणि तीही त्यांनी स्वतःच निस्तरली. टाळ्या झाल्या. लगेच माझ्या हातात विभागप्रमुखपदाच्या नेमणुकीचं पत्र आलं. पुन्हा टाळ्या. मला आज फक्त त्या एका चुकीबद्दल बोलायचंय.

नऊ वर्षांपूर्वी आपण रक्तपेढीच्या फ्रिजचं तापमान बघणारे मॉनिटर बनवत होतो. माल निघायच्या दिवशी सकाळी कर्नेल, म्हणजे मॉनिटरचा सगळा कारभार बघणारा मुख्य प्रोग्राम, अडून बसला. तापमान वाचणाऱ्या आपल्या छोट्या प्रोग्रामला, म्हणजे ड्रायव्हरला, तो चालूच होऊ देईना. तो सांगत होता, सेन्सरच्या चिपच्या पत्त्यावर आधीच फर्मवेअर बसलंय. फर्मवेअर म्हणजे, ताईंच्या यजमानांसाठी सांगतो, बोर्डातच भरलेला प्रोग्राम. सगळ्यांच्या आधी जागा होतो आणि जागा अडवतो. ताईंच्या आईचं त्या दिवशी ऑपरेशन होतं. त्यांनी विश्वासाने मला आपला पासवर्ड देऊन ठेवला होता.

मी काय केलं? सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये एक शब्द टाकला. त्याचा अर्थ, सोडून दे, दोघांनाही चिप वापरू दे. ड्रायव्हर चालला, मालाची गाडी निघाली, आणि मला वाटलं, मोठा तीर मारला.

ताई, मान हलवू नका. आज मी थांबणार नाही.

सात आठवड्यांनी एका रक्तपेढीतल्या फ्रिजचा वरचा कप्पा तापायला लागला. लागोपाठ तीन वाचनं जास्त आली की घंटा वाजायची. पण सेन्सरची चिप एकच आणि विचारणारे दोन. आपला ड्रायव्हर विचारायचा वरच्या कप्प्याचं, मध्येच फर्मवेअर विचारायचं खालच्या गार कप्प्याचं, आणि आपल्याला मिळायचा गार आकडा. तीनची मोजणी पुन्हा एकपासून. घंटा काही वाजली नाही. तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी पिशवी हातात घेतली, ती कोमट लागली, म्हणून कुणाला ते रक्त चढलं नाही. थोडक्यात वाचलो.

चौकशी झाली. बदलांच्या नोंदीत माझ्या त्या शब्दाच्या ओळीपुढे नाव ताईंचं, कारण पासवर्ड त्यांचा. मी समोर बसलो होतो, प्रोबेशनवर, तोंडात मिठाची गुळणी धरून. ताई म्हणाल्या, "माझ्या नावावर आहे ना? मग माझंच."

बाहेर आल्यावर मी विचारलं, असं का केलंत? तर म्हणाल्या, तुला घरी पाठवलं असतं, मला फक्त बोलतील. बोलणं तेवढ्यावर थांबलं नाही. विभागप्रमुखाची खुर्ची त्यांच्यासमोरून दोनदा गेली, ती याच ओळीमुळे. हे मला माहीत होतं. नऊ वर्षं रोज माहीत होतं.

त्या आठवड्यात ताईंनी माझा शब्द काढला आणि ड्रायव्हर नव्याने लिहिला. आता तो चिपला परस्पर हात लावत नाही. फर्मवेअरकडूनच आकडा मागतो, रांगेत उभा राहतो. मला रागावल्या त्या एकदाच. म्हणाल्या, "यंत्र नाही म्हणालं तर का म्हणतंय ते विचार. त्याचं तोंड दाबू नकोस."

यंत्राचं पुन्हा कधी दाबलं नाही. स्वतःचं मात्र दाबत आलो.

अध्यक्ष महोदय, ती ओळ माझी आहे. नोंद आज, ताई दारातून बाहेर पडायच्या आत, दुरुस्त व्हावी एवढी विनंती. तुम्ही दिलेलं पत्र इथे टेबलावर ठेवतोय. त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, मी ऐकेन.

बोलायला वेळ दिलात, शांतपणे ऐकलंत, सर्वांचे मनापासून आभार. काही चुकलंमाकलं असेल तर सांभाळून घ्या, असं म्हणून खाली उतरायची रीत आहे. आज सांभाळून घेऊ नका. ताईंनी नऊ वर्षं घेतलं, तेवढं पुरे झालं.