म्हशीचा पहिला नंबर

(जळगाव. पुस्तकांचं दुकान. जामनेरजवळच्या एका शाळेच्या सविता मॅडम, शाळा समितीचे अध्यक्ष आणि केळीचे बागायतदार गिरधर नाना आणि नानांची चौथीतली नात कामिनी. जीप बाहेर उभी.)

सविता : नाना, तुम्ही काढलेली ही तिन्ही पुस्तकं थोरांच्या दिनचर्येची आहेत. तिन्हीत सगळे पहाटे चारला उठतात.

नाना : मग? तुमची पोरं आठलेबी उठत नाहीत.

सविता : हे वाचून तर पुन्हा झोपतील. आपण विनोदी पुस्तकं घ्यायला आलोय.

नाना : गेल्या साली घेतलं की विनोदी!

सविता : ते हास्ययोगाचं होतं, नाना. तिसऱ्या पानावर पोट आत घ्यायचं, चौथ्यावर 'हा हा' म्हणायचं.

नाना : पुस्तकावरचा माणूस चांगला हसत होता. समितीनं एकमतानं मंजूर केलं.

सविता : एकमत झालं, कारण कुणी उघडून पाहिलं नाही.

नाना : उघडलं असतं तर नवं राह्यलं असतं का? आपल्या कपाटातलं एक तरी पुस्तक दाखवा, डाग आहे का! केळीचा घड आन् पुस्तक, जितका हात कमी लागंल तितका भाव जास्त.

सविता : म्हणून कपाट फक्त तपासणीला उघडतं. बरं, घरी कोणतं केळं खाता?

नाना : घरी? घरी डाग पडलेलं. तेच गोड लागतं. चकचकीत माल तर गाडीत... मॅडम, मले बोलण्यात पकडू नका.

सविता : नाही पकडत. फक्त तुम्ही दिलेल्या शब्दाची आठवण करून देते. कामिनी जे निवडेल त्याच्या तीस प्रती, आणि तुमची सही.

नाना : हो, पण हा कुठला न्याय? पहिल्या नंबरची पोरं सोडून मह्या नातीले परीक्षक केलं! तिनं आजवर एक पुस्तक पुरं नाही केलं.

सविता : म्हणूनच. हुशार मुलं खताच्या गोणीवरचंही वाचतात. त्यांचं मत घेऊन मी काय करू? कामिनीनं स्वतःहून पान उलटलं, तर ते पुस्तक खरं.

नाना : आन् नाही उलटलं तर हे पहाटे चारवाले. ठरलं?

सविता : ठरलं. कामिनी, हे बघ.

कामिनी : नको. ह्यात ससा शेवटी शहाणा होतो.

नाना : तू तर वाचलंबी नाही!

कामिनी : सगळ्याच पुस्तकात होतो.

सविता : मग हे?

कामिनी : ही म्हैस बाकावर कायले बसली?

सविता : काय माहीत. मी अजून वाचलं नाही.

नाना : म्हैस? शाळेच्या कपाटात म्हैस?

कामिनी : नाना, तिले हार घालतोय तो माणूस बघा. टोपी तुमच्यासारखीच!

नाना : दाखव. खाली काय लिहिलंय?

कामिनी : तुम्हीच वाचा.

नाना : चष्मा घरी राह्यला.

सविता : खिशातून डोकावतोय, नाना.

नाना : तो लांबचा आहे. वाच ना बेटा.

कामिनी : मी नाही. मी वाचलं की सगळे हसतात.

सविता : कोण सगळे?

कामिनी : वर्ग. मी पाहुण्यांचं स्वागत वाचत होते ना, तेव्हा 'अध्यक्ष'वर अडकले. तेव्हापासून मी मनातसुद्धा वाचत नाही.

नाना : आन् मले कायले नाही सांगितलं?

कामिनी : तुम्हीच अध्यक्ष ना.

नाना : ...ये. इथं बस, मह्याजवळ. इथं वर्ग नाही. हळू वाच. जीपवाला थांबंल.

कामिनी : "म्हैस वर्गात... बोलत नसे. प्रश्न... विचारत नसे. गुरुजी काहीही म्हणाले तरी... मान हलवी. म्हणून तिचा पहिला नंबर आला."

सविता : तपासणीच्या दिवशी आमचा वर्ग असाच असतो.

कामिनी : "अ... अध्य... अध्यक्ष म्हणाले, मुलांनो, हिचा आदर्श घ्या. तोवर म्हशीनं हार खाल्ला. मग... भाषणाचा कागद खाल्ला. अध्यक्षांना पुढचं काही... आठवेना."

नाना : हॅ हॅ हॅ! अरे देवा!

कामिनी : नाना! माझं चुकलं?

नाना : नाही बेटा, तू नाही चुकली! कागदच खाल्ला! हॅ हॅ... मॅडम, हे लिहिणारा आपल्या गावात आला होता का?

सविता : का? पंधरा ऑगस्टला तुमचा कागद हरवला होता ना?

नाना : हरवला नव्हता. पण ती बकरी होती.

सविता : मग सही?

नाना : द्या पेन. आन् त्या कपाटाचं कुलूप काढून टाका. पडू द्या डाग. कामिनी, सांग ना, मग म्हशीचं काय झालं?

सविता : नाना, तिनं पान उलटलं.

कामिनी : मॅडम, थांबा ना! नाना, तुम्ही हसा, पण हलू नका. ओळ हरवते.