बुचाची टोपी

नाही, क्षिप्रा, मी खोटं नाही बोलणार — तुझ्या आईचा फोन येईलच मला, रोज येतो, प्रागचे पूल नि दुकानं दाखवत असते — आणि मी काय सांगू तिला, नीता, घरी सगळं ठीक? तुझे बाबा हॉस्पिटलात नळ्या लावून पडलेत नि मी म्हणू, छान आहेत? म्हणे, काकू, तिची ट्रिप खराब नको. बस. उठू नकोस, बस म्हणते ना.

मीही गेले होते ना दोन वर्षांपूर्वी, टूरबरोबर लिस्बनला. ह्यांनीच पाठवलं. सारी हयात बोटीच्या इंजिनात गेलेली, त्या बंदरात कितीदा उतरलेले. गुडघे गेले म्हणून स्वतः येईनात, तर कागदावर वाट काढून दिली — इथे पिवळी ट्राम पकड, इथे कस्टर्डचा गरम टार्ट खा, वर दालचिनी मागून घे, मग किल्ला चढ. मी सातवीत शाळा सुटलेली बाई, इंग्रजी शिकले ती ह्या परक्या देशात, इथल्या वुडलँड्सच्या लायब्ररीत बसून — पण टूरच्या मोकळ्या दिवशी एकटी फिरले, हो! ग्रुपमधल्या शिकलेल्या बायका हॉटेलच्या दारात टॅक्सीसाठी भांडत होत्या. अकराला मंदारला फोन केला. बाबांना दे म्हटलं. म्हणाला, झोपलेत, आई, तू मजा कर. मी म्हटलं, झोपू दे, उठले की सांग, दालचिनी मागितली.

मग किल्ला चढले, नि उतरल्यावर टोपी. बुचाची — बाटलीचं बूच असतं ना, त्याच सालीची टोपी करतात तिथे, पिसासारखी हलकी. अर्धा तास घासाघीस केली, तपकिरी की करडी, तपकिरी की करडी... माझी दुपारची एकची वेळ, इथले रात्रीचे आठ. आठला गेले हे. झोपले कुठले! दोन दिवस हॉस्पिटलात होते, मंदार दाराबाहेर उभा राहून बोलत होता माझ्याशी. तिथल्या नर्सनं सांगितलं मला नंतर — शेवटपर्यंत विचारत होते, प्रेमा किल्ला चढली का.

पोचले नसतेच मी, ठाऊक आहे मला. पण चढले, एवढं सांगता आलं असतं की नाही?

मंदारला? नाही, काही नाही बोलले. काय बोलणार — त्यानं हे कुणाकडून उचललं? बोटवाल्यांच्या घरची रीतच ती, माणूस समुद्रावर असताना वाईट कळवायचं नाही. सासूबाई गेल्या तेव्हा हे पाच महिने लांब. तेराव्यानंतरही मी लिहीत होते, आई बऱ्या आहेत, तुमची आठवण काढतात. पाकिटं कोण चिकटवायचं? मंदार. नऊ वर्षांचा होता. हे उतरले ते आईसाठी लोकरीची शाल घेऊन... तशीच घडी करून ठेवली ह्यांनी कपाटात, अजून आहे. टोपी तिच्यावरच ठेवलीय मी.

हे तुला सांगायचं नव्हतं.

बाबा शुद्धीत आहेत ना? बोलतात ना अजून? मग लाव फोन आईला. माझ्याकडे काय बघतेस, तू लाव, तुझी आई आहे ती. तिथे सकाळ झाली असेल, उठली असेल. रडली तर रडू दे, आणि मग हॉस्पिटलात जाऊन फोन बाबांच्या कानाला धर, तिनं काय काय पाहिलं ते ऐकू दे त्यांना.

वाजतोय? मग मी आत जाते. जाताना दार ओढून घे.