चारशे ग्रॅमचं ओझं

मंडळी, एक विचारतो. ओझं हलकं करायचं ठरलं, की माणूस आधी काय टाकतो? स्वतःचं, की दुसऱ्याचं? — बोला! आता का माना खाली? बरं, ऐका मग.

ठाण्यात एक मुकुंद आगाशे होते. दर हिवाळ्यात आठ-दहा जणांना घेऊन डोंगरात जायचे. एकदा गुडघा दुखला. डॉक्टर म्हणाले, पाठीवरचं वजन कमी करा. सल्ला चांगलाच हो! पण याला वेडच लागलं! घरात काटा आणला. ओंजळीत मावेल असा तंबू, पिसासारखी गादी. शर्टाची लेबलं कापली. टूथब्रशचा दांडा करवतीनं अर्धा केला! अहो, दात घासायचेत की कान कोरायचेत? बायको म्हणाली, "डोक्यावरचे केसही ठेवून जा, तेवढंच वजन कमी!"

सॅक भरली चार किलो तीनशे ग्रॅम. गृहस्थ तळमळला! चारच्या आत आणायचीच! आता स्वतःचं कापायला काही उरलं नाही. मग नजर गेली लाल थैलीवर. ती सगळ्या गटाची औषधं, बँडेज, दुखण्यावरच्या गोळ्या. पुढारी म्हणून तिचा भार यांच्याकडे. "दहा वर्षांत एकदा तरी उघडली का?" असं स्वतःलाच विचारलं, आणि पायथ्याशी गाडीच्या डिकीत ठेवली! चारशे ग्रॅम वाचले! कुणाला सांगितलं? छे!

आणि वर रुबाब काय! सॅक एका बोटावर उचलून दाखवतोय! गटात लोखंडे सर होते, कवायतीचे निवृत्त मास्तर. त्यांची सॅक फुगलेली. हा म्हणतो, "सर, संसार घेऊन निघालात?" सर नुसते हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उतरणीवर, सुलभा नावाची मुलगी घसरली. घोट्याचं हाड मोडलं. अशी किंचाळली, की सगळे जागच्या जागी थिजले!

"मुकुंदराव, लाल थैली काढा!" सर ओरडले.

"ती... गाडीत राहिली."

राहिली! बघा कसा शब्द सापडतो माणसाला! ठेवली नाही — राहिली!

सरांनी स्वतःची चादर फाडली, दोन काठ्या लावून पाय बांधला. गोळी नाही, काही नाही. पोरगी ओठ चावत होती. मग तिला आळीपाळीनं पाठीवर घेऊन उतरायला लागले. मुकुंदरावांची पाळी आली. प्रत्येक पावलाला ती कण्हत होती. तशात तीच यांची समजूत घालते, "मुकुंददादा, मनाला लावून घेऊ नका. विसरतं माणूस."

मंडळी, शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या हो! हे नाही सोसलं. दहा पावलं गेला आणि थांबला.

"विसरलो नाही ग. मुद्दाम ठेवून आलो. वजन कमी करायला."

ती म्हणाली, "आगाशे, मला खाली ठेवा."

दादा गेला, आगाशे झाला! दुसऱ्याच्या पाठीवर बसून ती पुढं गेली. हा मागून, रडत. पाय पुढं जुळला, पण त्या डोंगरवाटेला मुकुंद आगाशेंच्या मागं पुन्हा कुणी गेलं नाही.

हसलात ना त्याला? हसा! आणि तुम्ही? आईला दवाखान्यात न्यायचं, तेव्हा नेमकी तुम्हालाच सुट्टी मिळत नाही! आजारी भावाला फोन करायचा 'राहून जातो'! किती मोकळे झालात हो! देवाच्या दारात तरी तोच शब्द वापरू नका. घरी जा, ज्याचं ओझं खाली ठेवलंत त्याच्यापुढं उभे राहा, खरं बोला — आणि मग या कीर्तनात टाळ्या वाजवायला. तोवर हात खालीच राहू द्या!