द्वारकाबाईंचा धनुर्मास

मंडळी, ऐका! आज आधी मी विचारणार आणि तुम्ही सांगणार. देह सांभाळणं हा धर्म आहे की नाही? ... आहे! वा! सगळ्यांच्या माना डोलल्या. त्या खांबाला टेकलेल्या काकांचीसुद्धा डोलली — अर्थात ती झोपेनं डोलली असेल, तो भाग वेगळा! बरं, आता दुसरा प्रश्न. देह सांभाळायचा, पण कुणाचा?

बघा! झाली ना शांतता?

गोविंदराव, पेटी जरा थांबवा. आज सुरात सांगण्यासारखी गोष्ट नाही. आज मला राग आलेला आहे. आणि माझा राग कोणावर आहे, ते कळायला तुम्हाला शेवटपर्यंत बसावं लागेल!

हा धनुर्मास. वर्षातला सगळ्यात लहान दिवस याच महिन्यात. रात्र लांबलचक, थंडी हाडांत शिरणारी. आपले वाडवडील शहाणे हो! ते म्हणाले, या दिवसांत पोटातला अग्नी पेटलेला असतो, त्याला उपाशी ठेवू नका. अंगाला तेल चोळा, ऊन पाण्यानं न्हा, झुंजुमुंजु झालं की देवाला नैवेद्य दाखवा आणि उगवत्या सूर्याबरोबर गरम गरम जेवा. मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, त्यावर लोण्याचा गोळा! म्हणजे बघा, पोट भरणं हेच ज्याचं व्रत, असा हा महिना. असलं प्रेमळ व्रत दुसरं दाखवा मला!

आणि एवढ्या प्रेमळ व्रताचं आपण काय केलं, ते आता ऐका.

गोदाकाठी एक गाव आहे. नाव सांगत नाही. भिऊन नाही हो! एका गावाचं नाव घेतलं, की बाकीची गावं सुटल्यासारखी निजतात, म्हणून! तर त्या गावात लक्ष्मीनारायणाचं देऊळ. देवळाचे कारभारी अप्पासाहेब खरवंडीकर. माणूस वाईट नव्हता. चोख, टापटिपीचा, रोज सूर्यनमस्कार घालणारा. त्यांच्या डोक्यात आलं — धनुर्मास मोठा करायचा! शहरातल्या लोकांना बोलवायचं. महिनाभर तेल-मालिश, बंबातलं कढत पाणी, प्राणायाम, कोवळ्या उन्हात ध्यान आणि सूर्योदयाला पंगत. पत्रकं छापली. गुळगुळीत कागद! त्यावर लिहिलेलं — ‘देह हेच मंदिर. झुंजुमुंजु होताच जो जेवतो, त्याचं आरोग्य वर्षभर टिकतं.’

लोक आले. शाली पांघरून, कानटोप्या घालून, साठ-साठ माणसं आली. म्हणू लागले, काय शांती! काय ऊर्जा! काय खिचडी!

आणि ती खिचडी करत कोण होतं?

द्वारकाबाई जोगदेव. वय बावन्न. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. अकरा वर्षं त्या देवळाचा स्वयंपाक करत होत्या आणि देवळामागच्याच एका खोलीत राहत होत्या. धनुर्मासात तीनला उठायच्या. अंघोळ? गार पाण्यानं! कारण बंब पाहुण्यांसाठी, लाकडं पाहुण्यांसाठी. पायांना अशा भेगा, की चालताना फरशीवर रक्ताचा ठिपका उमटायचा आणि त्या पदरानं पुसून घ्यायच्या — देवाची फरशी विटाळायला नको म्हणून! नैवेद्य झाला की पहिली पंगत, मग दुसरी, मग तिसरी. मग भांडी. मग पाहुण्यांचा काढा. आणि मग, एक-दीड वाजता, पातेल्याच्या बुडाला चिकटलेली गार खिचडी खरवडून द्वारकाबाई जेवायच्या.

कळलं का तुम्हाला? साऱ्या गावाला सूर्योदयाचं जेवण जिनं घातलं, ती बाई अकरा वर्षांत एकदाही सूर्योदयाला जेवली नव्हती! अकरा वर्षं!

आणि आता एक कबुली देतो. त्या वर्षी नवव्या दिवशी तिथं कीर्तन माझंच होतं. हो! याच तोंडानं मी ‘हा देह भगवंताची ठेव आहे, जपा’ असं दीड तास सांगितलं. लोकांचे डोळे भरून आले. मग मी पहिल्या पंगतीत, मधल्या पाटावर बसलो. लोणी दोनदा मागून घेतलं. ढेकर दिला आणि म्हणालो, ‘अन्नपूर्णेचा हात आहे हो!’ पण ती अन्नपूर्णा पलीकडच्या खोलीत उपाशी उभी आहे, हे बघायला दहा पावलं चाललो नाही. दहा पावलं, मंडळी!

अकराव्या दिवशी काय झालं? दुसरी पंगत बसली होती. द्वारकाबाई कढीचं पातेलं घेऊन बाहेर आल्या. डोळ्यांपुढं अंधारी आली. भिंत धरायला हात लांब केला, पण भिंत हाताला लागलीच नाही. बाई कोसळल्या! पातेलं उपडं झालं, उकळती कढी डाव्या पायावर सांडली.

पंगतीत तीस माणसं होती. पहिला शब्द कोणता निघाला असेल? ‘अरे, पाणी आणा’? ‘अरे, धरा त्यांना’? नाही! एक गृहस्थ म्हणाले,

“कढी सगळी गेली का?”

हसू नका! हसण्यासारखं नाही हे! आणि हसू आलंच असेल, तर का आलं ते घरी जाऊन स्वतःला विचारा!

अप्पासाहेब धावत आले. म्हणाले, “बाई, जपून चालायचं ना! पाहुण्यांसमोर हे काय!”

उचललं कोणी? हौसाबाईनं. देवळाचं अंगण झाडणारी हौसाबाई. उंबऱ्याच्या आत तिला कधी कुणी बोलावलं नव्हतं आणि त्या दिवशीही कुणी बोलावलं नाही. झाडू टाकून ती आपण होऊन आत शिरली. द्वारकाबाईंना खांद्याशी धरून उठवलं आणि रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीण तरुण होती. पाय धुतला, मलम लावलं, रक्त तपासलं. म्हणाली, “मावशी, अंगात रक्त निम्मंच आहे. जेवता किती वाजता?”

“सगळ्यांचं झालं की.”

“आणि सकाळी नाश्ता?”

“अगं, धनुर्मासात नाश्ता कुठला? पहाटेच जेवण असतं.”

“म्हणजे तुम्ही पहाटे जेवता?”

मंडळी, त्या प्रश्नावर द्वारकाबाई हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते थांबेना. डॉक्टरीण घाबरली! हौसाबाई म्हणाली, “रडू दे तिला. अकरा वर्षांचं आहे.”

हौसाबाईनं त्यांना आपल्याच घरी नेलं. दोन खोल्या, पुढं ओटा. दुसऱ्या दिवशी पहाटे चुलीवर भगुणंभर पाणी तापवलं आणि म्हणाली, “आधी तुम्ही.” अंघोळ झाल्यावर तिळाचं तेल कोमट करून द्वारकाबाईंचा चांगला पाय मांडीवर घेतला.

“अगं, माझे पाय कशाला धरतेस? सोड!”

“गप बसा. दुसऱ्यांच्या पाठी चोळायला तिकडं माणसं ठेवलीत. तुमचा पाय काय उकिरड्यावर सापडलाय?”

मग ओट्यावर ऊन आलं. कोवळं, पिवळं. हौसाबाईनं तव्यावरची भाकरी थेट ताटात टाकली, वर वांग्याचं भरीत आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. फुगलेल्या भाकरीतून वाफ निघत होती. द्वारकाबाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, “हौसा, भाकरी इतकी मऊ असते होय गं गरम असताना?”

हजारो भाकऱ्या थापलेली बाई हे विचारत होती!

तीन दिवस त्या तिथं राहिल्या. निघताना सूर्याकडे तोंड करून हात जोडले आणि नेम बोलल्या. भटजी नाही, पोथी नाही, संकल्पाचं पाणी नाही. म्हणाल्या, “नारायणा, थंडी आहे तोवर सकाळचं पहिलं ऊन पाणी माझ्या अंगावर घेईन. भेगांना तेल लावल्याशिवाय चुलीपुढं बसणार नाही. आणि तुला नैवेद्य दाखवला, की लगेच गरम गरम जेवेन. हा माझा धनुर्मास. मोडला तर तुझाच मोडला असं समजेन.”

पंधराव्या दिवशी देवळात परतल्या. सगळा स्वयंपाक केला, तिळभर कमी नाही. नैवेद्य झाला. पहिली पंगत मांडली. आणि एक ताट स्वतःला वाढून घेऊन पंगतीच्या टोकाला जमिनीवर बसल्या.

अप्पासाहेब आले. “द्वारकाबाई, हे काय?”

“जेवतेय.”

“आत्ता? मग वाढणार कोण?”

“खिचडी मधे ठेवलीय, अप्पा. डाव पातेल्यात आहे.”

“स्वयंपाकीण पहिल्या पंगतीला बसते, हे कुठल्या पोथीत लिहिलंय?”

“पोथीचं मला ठाऊक नाही. तुमच्या पत्रकात लिहिलंय. झुंजुमुंजु होताच जो जेवतो, त्याचं आरोग्य टिकतं. त्यात ‘स्वयंपाकीण सोडून’ असं काही मला दिसलं नाही.”

आहा! बाई चौथी शिकलेली होती, मंडळी! पण वाचलं कसं बघा! आपण पदव्या घेऊन वाचतो आणि आपल्या सोयीचं तेवढंच वाचतो!

अप्पासाहेब लाल झाले. “उठा! नाहीतर उद्यापासून यायचं नाही. आणि खोलीही रिकामी करायची.”

आता इथं थांबा. खोली गेली तर जायचं कुठं? पाय भाजलेला, अंगात रक्त नाही, बाहेर ही थंडी. तुम्ही असता तर? मी असतो तर? मी तर उठलो असतो बुवा, आणि वर क्षमाही मागितली असती!

द्वारकाबाई म्हणाल्या, “भरलं ताट टाकून उठत नाहीत, अप्पा. अन्नाचा अपमान होतो.” आणि जेवल्या. घाई नाही, रडणं नाही. भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं ताट निपटून घेतलं. हात धुतले. कोठीची किल्ली देवापुढं ठेवली, नमस्कार केला आणि लंगडत बाहेर पडल्या.

पंगतीत साठ माणसं होती. एक उठला नाही! ‘अप्पासाहेब, बसू द्या त्यांना’ — एवढे चार शब्द एकाच्या तोंडून निघाले नाहीत! सगळे ध्यान शिकलेले! सगळे शांत!

तुम्हाला वाटत असेल, आता देव कोपला असेल. खिचडी करपली असेल, पाहुणे पळाले असतील, अप्पासाहेब पाया पडायला गेले असतील. नाही हो! काही झालं नाही! दुसऱ्या दिवशी शहरातून आचारी आला. खिचडी झाली आणि उत्तम झाली! कार्यक्रम पार पडला. पुढच्या वर्षी पाहुणे दुप्पट झाले. देव असा तुमच्या सोयीनं कोपत नाही. कोपायचं काम त्यानं आपल्यावर सोपवलंय, आणि आपण ते करत नाही!

मला हे कळलं वर्षानं. मी पुन्हा कीर्तनाला गेलो, सहज म्हणालो, “खिचडीचा हात बदललेला दिसतोय.” अंगण झाडणारी हौसाबाई झाडू टेकून उभी राहिली. म्हणाली, “बुवा, लवकर लक्षात आलं!” आणि तिनं मला सगळं सांगितलं. माझे कान तापले, मंडळी. त्या थंडीत तापले.

मी विचारत विचारत हौसाबाईच्या गल्लीत गेलो. तिच्या शेजारचीच खोली घेऊन द्वारकाबाई राहत होत्या, डबे करून देत होत्या. सूर्य नुकता वर आलेला. ओट्यावर सात-आठ बायका मांडी घालून बसलेल्या. एक दवाखान्यात रात्रपाळी करून आलेली, एक खानावळीत भाकऱ्या थापणारी, एक दारोदार दूध घालणारी. दिवसभर दुसऱ्याला वाढणाऱ्या सगळ्या! मधे खिचडीचं पातेलं. नियम एकच — वाढायला कुणी उठायचं नाही, हात लांबवून आपलं आपण घ्यायचं. द्वारकाबाईंच्या गालावर लाली होती. पायांच्या भेगा बुजल्या होत्या. धनुर्मास पाळला की आरोग्य लाभतं, हे पत्रकातलं वाक्य मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं!

मी हात जोडून म्हणालो, “बाई, माझं चुकलं. त्या दिवशी मी पहिल्या पंगतीत होतो.”

“ठाऊक आहे. लोणी दोनदा मागितलंत.” मग हसून म्हणाल्या, “बसा, बुवा. पण ताट आपलं आपण घ्यायचं. आणि धुऊन ठेवायचं.”

जेवलो. मग नळाखाली ताट धरलं. पाणी असं, की बोटांत सुया टोचाव्यात! एक ताट धुतलं तर बोटं लाकूड झाली. ती बाई रोज दीडशे धुवायची. पन्नाशी उलटून गेली होती माझी, देहावर दीडशे कीर्तनं केली होती, आणि त्या पाण्याची मला माहितीच नव्हती!

आता कळलं, माझा राग कोणावर आहे ते? अप्पासाहेबांवर वाटलं होतं ना? अप्पासाहेब एकटे होते हो. राग त्या साठ जणांवर आहे. त्या दिवशी मी तिथं नव्हतो, पण त्यांच्यातलाच एक हा इथं, तुमच्यापुढं वीणा धरून उभा आहे. बाकीचे एकोणसाठ आज सतरंजीवर बसलेत!

तेव्हा ऐका. बाहेर फटफटलंय. आरती व्हायची आहे, मग पंगत. आत स्वयंपाकघरात चार बायका आहेत. नावं सांगा बरं त्यांची! ... सांगा! महिनाभर जेवताय त्यांच्या हातचं! नाही येत? मी मघाशी विचारून आलोय. इंदिराबाई, कमळाताई, शेवंताबाई आणि ती थोरली चंपूबाई. इंदिराबाई! चौघी बाहेर या! ओले हात पदराला पुसा आणि या! या या, लाजू नका. त्या पहिल्या चार पाटांवर बसा.

आणि काका, तुम्ही खांब सोडा आता. बाह्या सरसावा. खिचडी आत तयार आहे, निवायच्या आत घेऊन या. चौघींचा पहिला घास पोटात गेला, की मग मी आरतीचं तबक हातात घेईन.

लक्ष्मीनारायण थांबतील. त्यांना भूक कुणाला लागलीय ते कळतं!