शेवटचं नीट वाक्य

दवाखान्यातल्या बाकावर शिक्षिकाबाई नंबराची वाट बघत होत्या. शेजारी एक न्हावी आणि त्याची बायको दबक्या आवाजात भांडत होते.

"सकाळी हातातून वस्तरा पडला, हे डॉक्टरांना सांगायचं."

"पडला, उचलला. पाच मिनिटांत हात ठणठणीत. त्यात सांगायचं काय?"

"आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्या बंद केल्यात, तेही."

"दुखत नाही, खुपत नाही. गोळ्या कशाला गिळू?"

"मामंजींनाही काही दुखत नव्हतं. जेवता जेवता वाचा गेली."

"शुभ बोल गं! चल, दुकान उघडायचंय."

"मी इथून हलणार नाही."

"हट्टी आहेस. तिकडे गिऱ्हाईक ताट... ताक..."

"काय म्हणालात?"

"गि... ळाक..."

"अहो, चेष्टा पुरे. इकडे बघा. अहो, तोंड असं वाकडं का झालंय?"

शिक्षिकाबाईंनी डॉक्टरांचं दार ठोठावलं. डॉक्टर येईपर्यंत न्हाव्याचा उजवा हात मांडीवरून घसरून लोंबायला लागला होता.

"अँब्युलन्स बोलवा! शेवटचं नीट कधी बोलले? वेळ सांगा, पुढचे उपचार त्यावर ठरतात."

"मला काही सुचत नाही हो..."

"दहा वाजून वीस मिनिटं," शिक्षिकाबाई म्हणाल्या. "मी घड्याळच बघत होते."

डॉक्टरांनी चिठ्ठीवर वेळ लिहिली. स्ट्रेचर दाराबाहेर निघालं, तशी बायको नवऱ्याचा हात धरून ओरडली,

"बाई, बोटं दाबतायत माझी! बघा, जोर आहे हातात!"

शिक्षिकाबाईंनी पाहिलं. तो डावा हात होता.

"हो," त्या म्हणाल्या. "सोडू नका."